इनलाइन स्केटची फ्रेम कशी निवडावी: आधी रस्ता, मग बूट, मग चाकं

सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडला भेटणारे स्केटर मला हमखास एकच प्रश्न विचारतात, ‘एकशे दहाची चाकं घेऊ की सव्वाशेची?’ हे आकडे म्हणजे चाकाचा मिलिमीटरमधला व्यास. पण प्रश्नाची सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. चाकाचा आकार हे फ्रेमच्या, म्हणजे बुटाखाली चाकं धरून ठेवणाऱ्या सांगाड्याच्या, निवडीतलं उत्तर आहे, सुरुवात नव्हे. सुरुवात करायची ती आपण रोज ज्या रस्त्यावर जातो त्याच्यापासून, मग बुटाच्या तळाशी असलेल्या दोन भोकांपासून, मग पायाच्या लांबीपासून. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि घोटाही दुखावतो.

हा लेख फिटनेससाठी आणि लांब पल्ल्यासाठी, म्हणजे ज्याला क्रॉस-कंट्री म्हणतात त्यासाठी, फ्रेम घेणाऱ्यांकरता आहे. रिंकवरची शर्यत, स्लालम (ओळीने मांडलेल्या शंकूंमधून नागमोडी जाणं) आणि उड्या यांची गणितं वेगळी असतात, ती इथे लावू नका.

तयारी: खरेदीआधी हाताशी काय हवं

एक स्टीलची मोजपट्टी (कापडी टेप नको, ती ताणली जाते), ॲलन कीचा संच, खडू, एक जुना टूथब्रश आणि वही. वही हवीच, कारण मोजमापं डोक्यात राहत नाहीत आणि दुकानात गेल्यावर ‘बहुतेक इतकंच होतं’ असं होतं.

बूट धुऊन पुसून टेबलावर उलटे ठेवा. चाकं काढा. चाकं असताना फ्रेमचे बोल्ट नीट दिसत नाहीत, आणि बहुतेक चुकीची मापं चाकं न काढता घेतलेली असतात.

पायरी १: आठवडाभर रस्ता लिहून काढा

सात दिवस, रोज जिथे स्केटिंग करता तिथला पृष्ठभाग लिहा. गुळगुळीत काँक्रीट, नवीन डांबर, खडी उघडी पडलेलं जुनं डांबर, पेव्हर ब्लॉक, खोदून बुजवलेले पट्टे. प्रत्येकावर अंदाजे किती मिनिटं जातात तेही लिहा.

हे बाळबोध वाटेल, पण करून पाहा. नाशिकमध्ये एकाच फेरीत तीन-चार प्रकारचे पृष्ठभाग लागतात. सोसायटीच्या पार्किंगमधून निघालात की काँक्रीट, गल्लीत पेव्हर ब्लॉक, मोठ्या रस्त्यावर डांबर, आणि मध्येच पाइपलाइनसाठी खोदून अर्धवट बुजवलेला पट्टा. मखमलाबाद किंवा दिंडोरीच्या बाजूला गेलात तर द्राक्षांच्या हंगामात ट्रॅक्टरच्या टायरांतून पडलेल्या काळ्या मातीची वाळलेली ढेकळं रस्त्यावर असतात. त्यांवर लहान चाक गेलं की ते थांबतं आणि तुम्ही पुढे जाता.

आठवड्याच्या शेवटी बेरीज करा. निम्म्याहून जास्त वेळ चांगल्या पृष्ठभागावर जात असेल तर तुम्हाला फिटनेस फ्रेम हवी. निम्म्याहून जास्त वेळ खडबडीत रस्त्यावर जात असेल तर पुढे हवेच्या टायरांबद्दल लिहिलं आहे, ते आधी वाचा.

*तपासणी:* वहीत चढ-उतार लिहिलेत का? गंगापूर धरणाकडे किंवा पांडवलेणीच्या पायथ्याकडे जाणाऱ्यांनी उतार वेगळे लिहावेत. ब्रेकचा निर्णय त्यावरच होणार आहे.

पायरी २: बूट काय म्हणतो ते ऐका

सर्वात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून सावकाश वाचा.

आधी पाहायचं ते हे, की फ्रेम निघते का. स्वस्तातल्या अनेक फिटनेस स्केट्समध्ये फ्रेम रिव्हेटने कायमची ठोकलेली असते. तळाशी षटकोनी खाच असलेला बोल्ट दिसला तर फ्रेम निघते. गुळगुळीत गोल टोपी दिसली तर तो रिव्हेट आहे. रिव्हेट ड्रिलने उडवून दुसरी फ्रेम लावण्याच्या भानगडीत पडू नका, त्या बुटाचा तळ त्यासाठी बनलेलाच नसतो.

फ्रेम निघत असेल तर ती काढा आणि बुटाच्या तळाशी पुढच्या व मागच्या भोकाच्या केंद्रांमधलं अंतर मोजा. कडेपासून कडेपर्यंत नाही, मध्यापासून मध्यापर्यंत. सोपी युक्ती अशी: पुढच्या भोकाच्या डाव्या कडेपासून मागच्या भोकाच्या डाव्याच कडेपर्यंत मोजा, अंतर तेच येतं आणि मध्य शोधत बसावं लागत नाही.

उत्तर साधारण यांपैकी एक येईल:

- १६५ मिमी: फिटनेस आणि फ्रीस्केट (शहरात मोकळं फिरण्याच्या) बुटांमध्ये सर्वात जास्त दिसणारं माप.
- १९५ मिमी: स्पीड बूट, विशेषतः मोठ्या मापाचे.
- तीन भोकं: पॉवरस्लाइड कंपनीची ट्रिनिटी पद्धत. पुढे दोन, मागे एक. तिला ट्रिनिटीचीच फ्रेम लागते. काही बुटांना ट्रिनिटी आणि १६५ दोन्हीची सोय असते, पण ते तळ पाहूनच कळतं.
- सपाट तळ आणि यूएफएस (युनिव्हर्सल फ्रेम सिस्टीम): ॲग्रेसिव्ह, म्हणजे उड्या आणि कठड्यांवर घसरण्याच्या, स्केटिंगची पद्धत. लांब पल्ल्यासाठी हा बूट मुळातच जड पडतो.

१६५ आणि १९५ मध्ये ३० मिमीचा फरक आहे. फ्रेमवरच्या खाचा पुढे-मागे थोड्या सरकतात, पण तीन सेंटीमीटर नाही. मी हे स्वतः भोगलं आहे. ‘सर्व बुटांना बसते’ असं लिहिलेली फ्रेम मागवली, ती १९५ ची निघाली, माझा बूट १६५ चा. परत पाठवण्याचा कंटाळा केला आणि सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये फ्रेमला नवीन भोकं पाडून घेतली. काम सफाईदार झालं होतं. दोन महिन्यांनी त्र्यंबक रोडला परतताना पुढचा पाय अचानक हलका डुलायला लागला. थांबून पाहिलं तर नवीन भोकापासून फ्रेमच्या कडेपर्यंत केसासारखी बारीक भेग गेली होती. नखाने चाचपल्यावरच कळली. वेग कमी होता म्हणून वाचलो.

> सावधान: फ्रेमला नवीन भोक पाडू नका, असलेलं भोक कानशीने वाढवू नका. माउंट, म्हणजे बूट आणि फ्रेम जोडणाऱ्या भोकांचं माप, जुळत नसेल तर ती फ्रेम तुमची नाही. दोन मापांसाठी बनवलेले कारखान्याचे ॲडाप्टर मिळतात, पण तेही त्याच बूट-फ्रेमच्या जोडीसाठी दिलेले असतील तरच घ्या.

पायरी ३: फ्रेमची लांबी पायावरून ठरवा

फ्रेमची लांबी म्हणजे पहिल्या चाकाच्या एक्सलपासून (चाक ज्या दांड्यावर फिरतं तो) शेवटच्या चाकाच्या एक्सलपर्यंतचं अंतर. जाहिरातीत दिलेला २४३, २५५, २७३ असा आकडा म्हणजे हाच. फ्रेमच्या पत्र्याची टोकाटोकाची लांबी याहून जास्त असते, ती मोजून गोंधळू नका.

लांब फ्रेम वेगात सरळ जाते आणि डळमळत नाही, पण वळायला आळशी असते. आखूड फ्रेम चटकन वळते, पण वेग वाढला की थरथरते. भिंतीला टाच टेकवून, अंगठ्यापर्यंत अनवाणी पाय मिलिमीटरमध्ये मोजा. मग माझा ठोकताळा असा:

- गल्ली, जॉगिंग ट्रॅक, माणसांची गर्दी: पायाइतकी किंवा त्याहून १०-१५ मिमी कमी लांबी.
- मोकळा रस्ता, ४०-५० मिनिटांचा फिटनेस: पायाइतकी ते १५ मिमी जास्त.
- लांब पल्ला, एका दमात २० किलोमीटर किंवा पुढे: १५ ते ३० मिमी जास्त.

म्हणजे २६० मिमीचा पाय असलेल्याने कॉलेज रोडच्या आतल्या गल्ल्यांसाठी २५५ घ्यावी, आणि रविवारी पहाटे लांब जायचं असेल तर २७५ ते २९० मधली पाहावी. लहान पायाच्या स्त्रिया आणि किशोरवयीन मुलं सर्रास प्रौढ पुरुषाच्या लांबीची फ्रेम घेतात, कारण दुकानात तीच असते. मग वळताना पाय ओढून आणावा लागतो, आणि दोष ‘सराव कमी पडतो’ म्हणून स्वतःलाच दिला जातो. सराव कमी नसतो, फ्रेम लांब असते.

पायरी ४: आता चाकं

लांबी ठरली की चाकांचे पर्याय आपोआप कमी होतात. हिशेब पाटीवरचा आहे. चार चाकांमध्ये तीन अंतरं असतात, तीन चाकांमध्ये दोन. ८० मिमीची चार चाकं म्हणजे ३ × ८० = २४०, म्हणून २४३ च्या फ्रेमवर ती बसतात आणि प्रत्येक दोन चाकांत १ मिमी फट उरते. १२५ ची तीन चाकं म्हणजे २ × १२५ = २५०, म्हणजे २५५ ची फ्रेम बसेल, फट अडीच मिमी. ११० ची तीन चाकं २४३ वर बसवली तर फट साडेअकरा मिमी.

ही फट आपल्या रस्त्यांवर महत्त्वाची आहे. १ मिमीच्या फटीत ओली माती जाऊन बसते आणि वाळते, मग चाकं एकमेकांना घासतात. पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना, जूनच्या सुरुवातीला आणि सप्टेंबरअखेर, हा त्रास जास्त होतो. मातीच्या रस्त्याचं प्रमाण वहीत जास्त निघालं असेल तर तीन चाकांची मोकळी फ्रेम बरी.

मोठं चाक खड्ड्याच्या आणि भेगेच्या कडेवरून सहज चढतं आणि वेग टिकवतं. पण त्याची किंमत घोट्याला मोजावी लागते. व्यास ३० मिमीने वाढला की एक्सल १५ मिमीने वर जातो, आणि बुटाखाली चाकासाठी जागा करताना पाऊलही वर उचललं जातं. तीन चाकं वजनही चारऐवजी तिघांत वाटतात, म्हणून लवकर झिजतात.

माझी शिफारस सरळ आहे. पहिलं वर्षभर ४ × ८० किंवा ४ × ८४. एका पायावर गुडघा वाकवून दहा सेकंद न डुलता सरकता आलं की ३ × ११०. त्यावर सहा महिने झाले, आणि बूट घोट्यापाशी भक्कम असेल, तर ३ × १२५. स्पीडचा आखूड बूट आणि १२५ ची चाकं ही जोडी नवख्यांनी घेऊच नये.

चाकाचा कडकपणा बाहेरच्या रस्त्यासाठी ८३ ते ८५ ए ठेवा (आकडा मोठा तितकं चाक कडक). त्याहून कडक चाक खडीच्या डांबरावर दातांपर्यंत थरथर पोचवतं.

*तपासणी:* फ्रेमवर कोरलेला किंवा छापलेला ‘जास्तीत जास्त चाक’ हा आकडा पाहा. ११० ची फ्रेम १२५ घेणार नाही. उलटं मात्र चालतं: मोठ्या फ्रेमवर लहान चाक बसतं, फक्त पाय उगाच उंच राहतो.

हवेचे टायर कुणी घ्यावेत

डांबर संपून मुरूम सुरू होतो तिथे कुठलंही साधं चाक हरतं. त्यासाठी १२५ किंवा १५० मिमीचे हवा भरायचे टायर आणि त्यांच्या खास फ्रेम मिळतात. साधं चाक २४ मिमी रुंद असतं, हवेचा टायर त्याहून रुंद. म्हणून तो साध्या फ्रेमच्या दोन भिंतींमध्ये शिरत नाही. फ्रेमवर तशी सोय स्पष्ट लिहिलेली असेल तरच घ्या.

हे टायर जड असतात, गुळगुळीत रस्त्यावर दमवतात, आणि हवा दर वेळी निघण्याआधी पाहावी लागते. किती भरायची तो आकडा टायरच्या बाजूला लिहिलेला असतो. बाभळीचा काटा लागला की सायकलसारखंच पंक्चर होतं, त्यामुळे जादा ट्यूब आणि छोटा पंप पाठीवर हवा. स्कीइंगसारख्या काठ्या घेऊन जाणार असाल तर ही फ्रेम उत्तम, कारण हातांचा जोर मिळतो. टाच सुटी ठेवणाऱ्या बाइंडिंगच्या (बूट फ्रेमला अडकवणाऱ्या पकडीच्या) फ्रेम बर्फावरच्या स्कीइंगची तयारी करणाऱ्यांसाठी असतात. नाशिकात फिटनेससाठी त्या घेण्याचं काहीच कारण मला दिसत नाही.

पायरी ५: धातू

इथे फार वेळ घालवू नका. रोजच्या वापराला ॲल्युमिनियमची फ्रेम घ्या. फायबर मिसळलेलं प्लॅस्टिक धक्के थोडे जिरवतं, पण जोर लावला की वाकतं, म्हणून वजन कमी आणि वेग बेताचा असेल तरच. मॅग्नेशियम आणि कार्बन हलके आणि महाग. फिटनेसमध्ये तो पैसा चांगल्या बुटावर घालवलेला बरा.

पायरी ६: ब्रेक आधी विचारा, नंतर नाही

टाचेचा ब्रेक बहुधा उजव्या फ्रेमच्या मागच्या टोकाला बसतो. लांब पल्ल्याच्या अनेक फ्रेमना, विशेषतः ३ × १२५ च्या, त्यासाठी जागाच नसते. वहीत उतार लिहिले असतील आणि तुम्हाला टी-स्टॉपने, म्हणजे मागचा पाय आडवा घासून, पूर्ण थांबता येत नसेल, तर ब्रेक न बसणारी फ्रेम यादीतून काढून टाका, कितीही आवडली तरी. उतारावर समोर रिक्षा वळली की ब्रेक नसलेली सुंदर फ्रेम कामाची नसते.

पायरी ७: फ्रेम हातात आली की

बसवायची घाई नको. जुनी घेतली असेल तर ही पायरी दुप्पट काळजीने.

एक, फ्रेम डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून टोकापासून पाहा. दोन्ही भिंती समांतर दिसल्या पाहिजेत. दोन, टूथब्रशने माउंटच्या खाचा आणि एक्सलची भोकं साफ करा आणि नख फिरवा. नख अडकलं तर तिथे भेग आहे. तीन, एक्सल हाताने, ॲलन कीशिवाय, आत फिरवा. दोन-तीन वेढे हाताने गेले पाहिजेत. सुरुवातीलाच अडलं तर आटे खराब आहेत. ज्या फ्रेममध्ये आटे थेट भिंतीत कापलेले असतात तिथे आटे गेले की फ्रेम गेली, म्हणून असा सौदा सोडून द्या.

चाक लावून हाताने फिरवा. एक्सल सैल असताना फिरतं आणि घट्ट केल्यावर अडकतं, तर दोन बेअरिंगांमधला स्पेसर (छोटी नळी) नाही किंवा चुकीच्या मापाचा आहे. फ्रेम वाईट आहे असं समजून परत पाठवण्याआधी हे बघा.

पायरी ८: बसवण्याचा क्रम

१. बुटावर खडूने दोन खुणा करा. मागे टाचेचा बरोबर मध्य, पुढे अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधली जागा. फ्रेम या दोन खुणांच्या रेषेत बसवायची. बुटाच्या भौमितिक मध्यावर बसवू नका, ही सर्वात सार्वत्रिक चूक आहे.

२. दोन्ही बोल्ट हाताने सुरू करा. प्रत्येक बोल्ट पाच-सहा पूर्ण वेढे आत गेला पाहिजे. कमी गेला तर बोल्ट आखूड आहे आणि धक्क्याला उपटेल. लांब असेल तर बुटात टोचेल, आतलं पॅड काढून बोट फिरवून पाहा.

३. पुढे-मागे फ्रेम मध्यावर ठेवा, मग पुढचं चाक लावून बुटाच्या टोकाखाली मोजा. चाक आणि तळ यांत किमान ३ मिमी जागा हवी.

४. आधी मागचा बोल्ट, मग पुढचा, दोन्ही थोडे थोडे आळीपाळीने घट्ट करा. एक पूर्ण पिळून मग दुसऱ्याकडे गेलात की फ्रेम तिरकी होते.

> सावधान: लांब दांडीच्या पान्याने बोल्ट पिळू नका. बुटातली नट फिरली की ती काढायला बूट फाडावा लागतो.

पायरी ९: उभं राहून जुळवणी

हे बहुतेक जण करतच नाहीत. गेल्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीतले एक काका डावा पाय दुखतो म्हणून स्केटिंग सोडायला निघाले होते. मी त्यांना पार्किंगमध्ये खांबाला धरून उभं केलं.

“काका, गुडघे वाकवा, खाली बघू नका.”

“अहो, वाकवलेच आहेत.”

मागून पाहिलं तर उजवा बूट सरळ, डावा बूट आतल्या बाजूला कललेला, आणि त्या बाजूच्या चाकांची आतली कड जास्त झिजलेली. बोल्ट अर्धा वेढा सैल केले, फ्रेम आत, म्हणजे दुसऱ्या पायाच्या दिशेने, २ मिमी सरकवली आणि पुन्हा घट्ट केली. काका उभे राहिले, दोन पावलं सरकले आणि थांबून म्हणाले, “आता पाय खाली टेकल्यासारखा वाटतोय.” त्यांचे बूट तेच, फ्रेम तीच, फरक दोन मिलिमीटरचा.

नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: घोटा ज्या बाजूला पडतो, फ्रेम त्याच बाजूला सरकवा. एका वेळी १ ते २ मिमी, त्याहून जास्त नाही. दोन्ही पायांची जागा सारखी यायलाच हवी असं नाही, दोन्ही पाय सारखे नसतातच. सरकवूनही घोटा पडत असेल तर फ्रेमला दोष देऊ नका, बूट मोठा असतो किंवा घोट्यापाशी मऊ असतो.

पायरी १०: पहिल्या तीन फेऱ्या

पहिली फेरी १५ मिनिटांची, सपाट जागेवर. परत आल्यावर माउंटचे बोल्ट तपासा, पहिल्याच फेरीत ते थोडे सैल होतात. खडूने फ्रेमच्या कडेला बुटावर रेघ मारून ठेवा, म्हणजे फ्रेम सरकली तर लगेच दिसेल.

दुसरी फेरी अर्ध्या तासाची, नेहमीच्या रस्त्यावर. पायाच्या तळव्यात एका ठिकाणी आग होत असेल तर फ्रेम पुढे-मागे हलवून पाहा: पुढच्या भागात दुखत असेल तर फ्रेम थोडी पुढे, टाचेत दुखत असेल तर थोडी मागे.

तिसरी फेरी पूर्ण अंतराची. घरी आल्यावर चाकं काढून झीज पाहा आणि जागेची खूण वहीत टिपा: ‘डावा, आत २ मिमी, पुढे १ मिमी’. पुढच्या वेळी बूट धुवायला फ्रेम काढाल तेव्हा याच ओळीवरून ती पुन्हा जागच्या जागी बसेल.